रडण्याचं बारसं

आमच्या यांना शांतता फार प्रिय. हे मूळचे धारवाडचे, आणि धारवाडची माणसं भांडतातसुद्धा शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मी हुबळीच्या बाजारपेठेतली. आमच्याकडं शेरभर गूळ घ्यायचा तरी दुकान दणाणतं. वकिलीचा जम हुबळीत बसला म्हणून हे इथं राहिले, पण मनानं कायम धारवाडातच. अशा माणसाच्या घरामागच्या खोलीत रुक्माक्कानं गावभरची रडकी पोरं आणून ठेवली. यांनी ते कसं सोसलं, असं लोक मला विचारतात. सोसलं नाही, असं मी खरं ते सांगते.

रुक्माक्का म्हणजे रुक्मिणी, आमच्याच गल्लीतली. तिच्या सासऱ्यांचं घराणं मिरजेकडून आलेलं, दुकानदारीतलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि घरात धाकटा दीर भीमसेन आणि दुकान. दुकान कसलं, तर अफूचं. यात दचकण्यासारखं काही नाही, सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट आहे ही. सरकारी परवाना होता. तो चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला, शेजारी लक्ष्मीची तसबीर, आणि भीमसेन रोज सकाळी दोन्हींना उदबत्ती ओवाळायचा.

रुक्माक्का अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. ऊन असो नसो, काखेत पुरुषी काळी छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. दार ठोठावायला, कुत्री हाकलायला आणि भीमसेनला गप्प करायला ती उपयोगी पडायची.

आमच्या भागात कापसाची सरकी काढायचा एक कारखाना होता. त्याला सगळे जीन म्हणत. हंगामात तिथं बायकांना काम मिळे. तान्हं पोर आत न्यायची सोय नव्हती, घरी सांभाळायला कोणी नव्हतं. मग बायका सकाळी भोंग्याच्या आधी भीमसेनच्या दुकानावरून जायच्या. मोहरीएवढी अफू बोटाला लावून पोराच्या तोंडात दिली, की ते संध्याकाळपर्यंत हूं की चूं करत नसे. त्यात कुणाला वाईट वाटत नसे. आमच्यासारख्यांच्या घरीही गुटीत उगाळून देतच होते. मी लहानपणी फार शहाणं बाळ होते असं माझी आई कौतुकानं सांगायची. आता कळतं ते शहाणपण कुठून आलं होतं.

एके दिवशी अशीच एक बाई आपलं पोर दुपट्यात गुंडाळून रुक्माक्काच्या ओसरीवर ठेवून गेली. न विचारता. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा रुक्माक्काला पहिल्यांदा कळलं की दिवसभर आपल्या ओसरीवर एक जिवंत मूल होतं. तिनं तिथंच बसून भाजी निवडली होती, भीमसेनशी भांडण केलं होतं, एक झोपही काढली होती. पोर ना रडलं, ना हललं, ना भुकेजलं. हात लावला तर ओठ सुकून चामडं झालेले.

ते पोर वाचलं. पण रुक्माक्काची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडं आली आणि छत्रीच्या टोकानं मागची खोली दाखवून यांना म्हणाली, "वकीलसाहेब, ही खोली मला पाहिजे."

"कशाला?"

"पोरं ठेवायला. अफूवरची. सोडवणार आहे."

"सोडवणार म्हणजे? आणि तुमच्या घरचं दुकान?"

"दुकान भीमसेनचं आहे. पोरं माझी."

यांनी चष्मा काढून पुसला. हा यांचा वेळ काढायचा प्रकार. मी तेवढ्यात खोलीतली लाकडं काढायला सुरुवात केली होती. शेवटी "पाडव्यापर्यंत" एवढ्या बोलीवर खोली मिळाली.

छताच्या वाशांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. मदतीला सीतव्वा नावाची म्हातारी आली. झोळी हलवण्यात तिचा हात असा, की हलवता हलवता ती स्वतः पेंगायची. पहिल्या पोराची अफू रुक्माक्कानं एका दिवसात बंद केली आणि आम्हा सगळ्यांची गाळण उडाली. पोराला जुलाब, वांत्या, अंगाला झटके. डॉक्टर वेंकटेशराव धावत आले, पोराला सावरलं आणि मग रुक्माक्काला असं झापलं की ती छत्री टेकून उभ्याउभ्या ऐकत राहिली. एकदम तोडायची नाही, उतरवत न्यायची, असं त्यांनी बजावलं. मोहरीवरून राजगिऱ्यावर, राजगिऱ्यावरून खसखशीवर, आणि मग काहीच नाही. मध्ये दूध, पाणी आणि भाताची पेज.

म्हणजे अफू सोडवायला अफू लागणार, आणि ती भीमसेनच्याच दुकानातून यायची. भीमसेन म्हणायचा, "वहिनी, माझं गिऱ्हाईक तोडायला माझ्याकडूनच माल नेतेस?" ती म्हणायची, "मग काय परक्याच्या दुकानात जाऊ?" तो पुडी बांधून द्यायचा आणि वर कुरकुरायचा.

आता रडण्याचं सांगते. अफू उतरायला लागली की पोरं रडायची. पहिलं रडणं फार वाईट, बारीक, चिरकं, थांबवता न थांबणारं. त्या रडण्यानं आयाच घाबरायच्या. "अक्का, माझं बाळ घरी किती गुणाचं होतं, तुमच्याकडं आल्यापासून बिघडलं," म्हणून दोघीतिघींनी पोरं परत नेली. गल्लीतले लोक नाकं मुरडायचे. आमचे हे कानात कापूस घालून अशिलांशी बोलायचे, अशील सांगायचा एक आणि हे लिहून घ्यायचे दुसरंच. रोज संध्याकाळी खिडकीतून मागं वळून म्हणायचे, "रुक्मिणीबाई, जरा त्यांना गप्प करता का?"

रुक्माक्का आतून ओरडायची, "अळली बिड्री." म्हणजे रडू द्या हो.

गल्लीनं तोंड वाजवू नये म्हणून तिनं एक युक्ती काढली. अफू पूर्ण सुटली की पोराचं रडणं बदलायचं. एक दिवस ते भुकेनं रडायचं. छाती भरून, लालबुंद होऊन, हक्कानं. तसं भुकेचं रडणं पहिल्यांदा आलं की रुक्माक्का त्याचं बारसं करायची. नाव ठेवायचं बारसं वेगळं, हे रडण्याचं. गूळ आणि चुरमुरे घेऊन ती घरोघर जायची आणि दारात उभं राहून सांगायची, "अमकीचा अमका आज रडला." चुरमुरे हातात पडल्यावर तक्रार कोण करणार? हळूहळू गल्लीतल्या बायकाच खिडकीतून विचारू लागल्या, आज कुणाचं आहे म्हणून. यांनी मात्र तो चुरमुरा कधी तोंडात घातला नाही. "रडण्याचा प्रसाद मी खात नाही," म्हणायचे.

त्या माघात यल्लव्वा आली. जीनमध्ये सरकीच्या ढिगावर काम करणारी, वाळून काटकी झालेली. तिची आधीची दोन मुलं झोपेतच गेली होती. झोपेतच हे ती अशा सुरात सांगायची की जणू ते त्यांचं नशीब चांगलं. तिसरा शंकर, सात-आठ महिन्यांचा. एवढा मऊ, एवढा गप्प, की झोळीत आहे की नाही ते बघायला लागे. रुक्माक्कानं त्याला पाहिलं आणि ती पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "हे जाऊ द्यायचं नाही, विमला," मला म्हणाली. बस, तेवढंच. आणि मलाही दुसरं काही सुचेना.

शंकरची अफू उतरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. उतरली, खसखशीवरूनही सुटली, चांगले काही दिवस गेले, पण ते मोठं रडणं येईना. कुरकुरायचा, कण्हायचा, दूध घ्यायचा आणि गप्प. यल्लव्वा रोज संध्याकाळी भोंगा झाला की धापा टाकत यायची आणि दारातून विचारायची, "रडला का?" नाही म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. मी गुळाची ढेप काढून ठेवली होती.

इकडं पाडवा जवळ आला. यांची मुदत संपत होती. रुक्माक्कानं म्युनिसिपालिटीकडं जुन्या जकात नाक्याची रिकामी खोली मागितली. जीनच्या अगदी समोर, बायकांना सोयीची. खोली द्यायची की नाही ते ठरवायला तीन मेंबर पाहणीला येणार असं ठरलं. त्यांत मुख्य बाळाचार्य. उपरणं नीट, गंध नीट, बोलणं नीट. ती खोली मिळाली नाही तर पाडव्यानंतर झोळ्या कुठं बांधायच्या, याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. आणि शंकर परत दिवसभर यल्लव्वाच्या झोपडीत एकटा पडू लागला तर काय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

पाहणीच्या दिवशी रुक्माक्का सकाळीच धुतलेल्या झोळ्या आणायला घाटावर गेली. मी स्वयंपाकात. आणि आमच्या वकीलसाहेबांनी, आजवर जे कधी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते, त्यांनी दारात जाऊन सीतव्वाला सांगितलं, "आज मोठी माणसं येणार आहेत. आज तरी पोरं गप्प राहतील असं बघ."

हेतू चांगलाच होता. यांना वाटलं, पोरं रडली तर मेंबर अर्ध्यातून पळतील आणि ही बला आपल्याच गळ्यात राहील. सीतव्वाला वाटलं, मालकांनी सांगितलंय. पोर गप्प कसं ठेवायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या कमरेच्या चंचीत गुडघेदुखीसाठी ठेवलेली अफूची गोळी होती. ती थोडी दुधात कालवून तिनं झोळी झोळी फिरून बोटानं चाटवली. सगळ्यांना सारखी. कुणावर अन्याय नको म्हणून.

दुपारी मेंबर आले. रुक्माक्का त्यांच्याबरोबरच पोचली, मागं कामवाली धुतलेल्या झोळ्यांचं गाठोडं घेऊन. खोलीत शिरताच बाळाचार्य थांबले आणि त्यांनी बरोबरच्यांना बोटानं खूण केली. सगळ्या झोळ्या स्तब्ध. माशीचा आवाज येत होता.

"वा," बाळाचार्य कुजबुजले. "आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की इथं फार गोंगाट असतो. किती शिस्त ही. गावातल्या सगळ्या आयांनी येऊन बघावं."

आमच्या यांनी मोठ्या नम्रपणे मान लववली. मी दारात होते आणि मला रुक्माक्काचं तोंड दिसत होतं. ते पांढरं पडलं.

तिनं पहिल्या झोळीत हात घातला, मग दुसऱ्या. मग वळून म्हणाली, आणि ही गोष्ट ती म्हणाली नसती तर खोली तिथल्या तिथं मंजूर झाली असती, "ही शांतता माझी नाही, आचार्य. ही आमच्या दुकानातली आहे. कुणीतरी पोरांना अफू दिलीय."

सीतव्वा चटकन म्हणाली, "मी दिली की. पाहुणे यायचे होते ना? मालकांनीच सांगितलं गप्प ठेव म्हणून. माझ्या पोरांना पण मी देत होते." तिच्या पोरांपैकी किती मोठी झाली, हे कुणी विचारलं नाही.

रुक्माक्का तिच्यावर ओरडली नाही. तिला वेळच नव्हता. "विमला, डॉक्टरांकडं माणूस पाठव. सगळी पोरं बाहेर काढा. झोपू द्यायची नाहीत." आणि मग मेंबरांकडं वळून, "बघताय काय? हात आहेत ना? धरा एकेक."

बाळाचार्यांच्या हातात आयुष्यात कधी ओलं पोर आलं नसावं. आलं. दुसऱ्या दोघांच्या हातातही आली. आमच्या अंगणात एक वेगळंच दृश्य सुरू झालं. गावची प्रतिष्ठित माणसं तळपायांना टिचक्या मारत, गार पाण्याच्या बोळ्यानं तोंडं पुसत, पोरांना खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतायत. गल्लीतल्या बायका आल्या. कुणी परात वाजवू लागलं. भीमसेनला कुणी सांगितलं कोण जाणे, तोही दुकान टाकून आला आणि एक पोर उचलून त्याच्याशी मोठमोठ्यानं बाजारभाव बोलत सुटला. मला त्याही परिस्थितीत हसू आलं, खोटं कशाला सांगू.

बाकीच्या पोरांना फारसं झालं नव्हतं. त्यांच्या अंगात अजून थोडी अफू मुरलेली होती, ती तेवढ्यानं डगमगली नाहीत. एकेक करून कुरकुरू लागली. भीती शंकरची होती. त्याची पूर्ण सुटली होती, सवय मोडली होती, आणि सगळ्यांएवढीच त्यालाही मिळाली होती. डॉक्टर आले, त्यांनी त्याची पापणी उघडून पाहिली, छातीला कान लावला आणि म्हणाले, "याला थांबू देऊ नका. जरासुद्धा नाही." त्यांनी थेंब थेंब कोरी कॉफी त्याच्या ओठांत सोडली.

शंकर आमच्या यांच्या हातात होता. कुणी दिला नव्हता, यांनीच झोळीतून उचलला होता. कोर्टाचा कोट अंगात, पगडी केव्हाच पडलेली. हे अंगणात येरझाऱ्या घालत होते, त्याच्या पायाला टिचक्या मारत होते आणि बोलत होते. धारवाडचा माणूस, पण आवाज गल्लीच्या टोकाला जात होता. "ऊठ रे. शंकरा, ऊठ. रड बाबा. अरे, मला त्रास दे जरा." कापूस कानांतून कधी गळून पडला यांनाही कळलं नसेल. मी जवळ गेले, म्हटलं मी घेते थोडा वेळ. यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला यांचा राग आलेला होता, सकाळच्या त्या एका वाक्याचा, आणि त्याच वेळी मला यांची फार दया आली. दोन्ही एकदम.

बाकीची पोरं एव्हाना तारस्वरात होती. बाळाचार्यांच्या उपरण्याची पार वाट लागलेली. पण उतरलेलं ऊन भिंतीवर चढलं तरी शंकर नुसतं उचकी लागल्यासारखं करायचा आणि मान टाकायचा. रुक्माक्का यांच्याबरोबरीनं चालत होती, छत्री कुठं पडली होती कोण जाणे. डॉक्टर त्याची नाडी सोडत नव्हते.

जीनचा भोंगा झाला. आता यल्लव्वा येणार, तिला काय सांगायचं, हे माझ्या मनात आलं आणि मी गल्लीच्या कोपऱ्याकडं बघायला लागले.

तेवढ्यात शंकरनं तोंड वाकडं केलं. हात मुठीत आवळले. एक मोठा श्वास घेतला, इतका मोठा की मला वाटलं हा शेवटचा. आणि मग तो रडला. छाती भरून, लालबुंद होऊन, आमच्या यांच्या बरोबर कानात.

डॉक्टर खाली पायरीवर बसले. रुक्माक्का भिंतीला टेकली आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

यल्लव्वा कोपऱ्यावरून पळत आली. तिला काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आपलं पोर वकिलांच्या हातात आहे आणि त्यांच्या कोटावर रडतंय. ती कावरीबावरी झाली, दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "द्या साहेब, द्या, मी गप्प करते त्याला."

यांनी पोर दिलं नाही. यांचा चष्मा पाण्यानं भरला होता. म्हणाले, "अळली बिडव्वा. अळली."

नाक्याची खोली मिळाली. बाळाचार्यांनी सभेत काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण ते नंतर स्वतः अधूनमधून नाक्यावर डोकावायचे आणि पोरं गप्प असली तर आत येऊन तपास करायचे. सीतव्वाला रुक्माक्कानं ठेवून घेतलं, चंची मात्र रोज दारात काढून ठेवायची. पुढं बरीच वर्षं ती खोली चालली. जीनवाल्यांनीही शेवटी एक आया दिली. भीमसेननं परवाना सोडला तो चाळीसच्या सुमाराला, आता तिथं चहा-साखर मिळते. रुक्माक्का सत्तेचाळीसच्या थंडीत गेली. नाक्याच्या खोलीत वाढलेली कितीतरी पोरं आज गिरण्यांत, वर्कशॉपात, शाळांत आहेत. त्यांना यातलं काही आठवत नाही, आणि तेच बरं.

पण त्या दिवसाची अजून एक गोष्ट राहिली.

अंगण रिकामं झाल्यावर रुक्माक्कानं माझ्याकडून गूळ मागून घेतला, चुरमुरे घातले, आणि ती परडी यांच्यासमोर धरली. "बारसं तुमच्या खांद्यावर झालं, वकीलसाहेब. वाटायचं तुम्ही."

मला वाटलं हे आता चष्मा पुसणार. पण यांनी परडी घेतली. आधी मूठभर चुरमुरे स्वतःच्या तोंडात टाकले. मग दूध सांडलेला तसाच कोट, उघडं डोकं, अशा अवतारात हे गल्लीच्या टोकापर्यंत घरोघर गेले. आणि मी आमच्या दारात उभी राहून ऐकत होते. प्रत्येक दाराशी हे थांबायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "यल्लव्वाचा शंकर आज रडला."